कागदांच्या पिशवीचं कुळ

शीवच्या सखल भागात पावसाचं पाणी उंबऱ्याशी आलं की टीव्हीच्या आधी माळ्यावर चढते ती कागदांची पिशवी. साडीच्या दुकानातून आलेली, चेनची, जाड प्लॅस्टिकची. आत रेशनकार्ड, पिवळी पडलेली वीजबिलं, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. घर धारावीच्या अंगाला असेल तर झोपडीचा फोटोपास. २६ जुलै २००५ नंतर तर हे काम घरातल्या पोरांनाही पाठ झालं. या पिशवीत एक गोष्ट मात्र सहसा नसते, ती म्हणजे पत्र. आगरी-कोळी सोडले तर इथला बहुतेक माणूस बाहेरून आलेला. मागे राहिलेल्यांशी त्याचा काही ना काही पत्रव्यवहार असणारच. तो पिशवीत का आला नाही, हे कळायला पिशवीचं कुळ शोधावं लागतं.

तिचा मूळपुरुष म्हणजे रुमाल. पूर्वी महत्त्वाचे कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणत आणि असे रुमाल मिळून दप्तर होई. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांनीच मोजले जातात. देशमुख-देशपांड्यांच्या, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरीही रुमाल असत. कसर लागू नये म्हणून वेखंड घालून ठेवलेले. आत सनदा, महजर, वाटणीपत्रं. वंशावळही असे, पण ती पूर्वजांच्या आठवणीने कुणी लिहिलेली नसे. वतन कुणाकडून कुणाकडे आलं आणि थोरल्या-धाकट्याचा वाटा कोणता, हे गोतसभेपुढे दाखवायला ती लागे. शीवच्या किल्ल्यासमोर खाडीपलीकडे जी साष्टी आहे ती १७३७ ते १७७४ मराठ्यांकडे होती. म्हणजे अलीकडे कंपनीचं इंग्रजी दप्तर आणि पलीकडे मोडी रुमाल, असा तो शेजार.

या भागातली कुळांची एक फार जुनी नोंद तर स्थलांतरितांचीच आहे. महिकावतीच्या बखरीचा जुना भाग शके १३७०चा, म्हणजे १४४८चा. मालाडच्या नायकोराव देसल्याने केशवाचार्यांकडून वंशावळी सांगवल्या, असं ती बखर म्हणते. बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात कोणती घराणी आली, त्यांची गोत्रं कोणती, मान कोणाचा, हे तिच्यात आहे. वि. का. राजवाड्यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. वाचताना मला त्यात पूर्वजांच्या प्रेमापेक्षा मानपानाची काळजीच जास्त दिसते.

पुढे कंपनी सरकारने १८५२ साली इनामांच्या चौकशीचा कायदा केला आणि घरोघरचे रुमाल सुटले. कागद दाखवा, नाही तर इनाम खालसा. हजारो इनामं गेली. हक्क गेल्यावर कागदाचीही पत गेली. त्यात मोडी वाचणारे कमी होत चालले, मग वाड्यांतली दप्तरं वाळवीला आणि वाण्याच्या पुड्यांना गेली. राजवाड्यांची पायपीट या पुड्यांशी शर्यत लावत झाली. वाईत हाती आलेल्या कागदांतून त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पण राजवाड्यांना हवा होता राज्याचा इतिहास. घराण्याचे कागद ही त्याची वाट होती.

घराण्यासाठी घराण्याचा इतिहास ही हौस मात्र गाव सुटल्यानंतरची. विसाव्या शतकात कोकणस्थ घराण्यांनी कुलवृत्तांत छापायला घेतले, तोवर त्यांची माणसं पुणे, मुंबई, इंदूर, बडोदे अशी पांगली होती. समिती नेमायची, पत्रकं धाडायची, वर्गणी गोळा करायची, कुलसंमेलन भरवायचं. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, मग शाखांमागून शाखा. पोस्टाने माहिती न धाडणारा एखादा तिरसट चुलता आपली अख्खी शाखा बुडवी. जुन्या कुलवृत्तांतांत लेकी लग्नानंतर जवळजवळ नाहीशाच होतात. ही या ग्रंथांची मोठी खोट आहे, आणि ती वतनाच्या वंशावळीतूनच आली, कारण हक्क मुलग्याचा. तरी शिकागो विद्यापीठाच्या मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली दाखवून दिलं की शिक्षण, नोकऱ्या, स्थलांतर यांचा अभ्यास करायला हे ग्रंथ सोन्याची खाण आहेत.

गाव सुटलेल्यांनी पत्रंच जपल्याची, अमेरिकेतल्या नॉर्वेजियनांची गोष्टही याच काळाची आहे. १८२५ साली त्यांच्या पहिल्या तुकडीचं छोटं गलबत स्टाव्हांगरहून न्यूयॉर्कला गेलं. शंभर वर्षांनी, १९२५ मध्ये, त्यांच्या वंशजांनी मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला इतिहाससंस्था काढली. कादंबरीकार रोल्वाग तिचा पहिला चिटणीस. रोजनिशा, घरगुती कागद आणि मुख्य म्हणजे पत्रं, असा तिचा संग्रह. अमेरिकेहून आलेलं पत्र नॉर्वेत गावभर वाचलं जाई, त्याच्या नकला होत. त्या पत्रांवर कुणाला जमिनीचा दावा सांगायचा नव्हता, तरी ती जपली गेली.

शीवमध्ये दाव्याने पाठ सोडली नाही. फाळणीनंतर शीव कोळीवाड्यात पंजाबी-सिंधी निर्वासित आले. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायला १९५० साली कायदा झाला, आणि ‘क्लेम’ हा शब्द त्यांच्या घरांत पाहुण्यासारखा येऊन राहिला. जवळ कागद असेल त्याचं म्हणणं सोपं, नसेल त्याला साक्षीदार शोधणं आलं. गिरणगावातही तेच. गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत असल्याचा पुरावा लागला. मग गावाकडच्या ट्रंका उघडल्या. तिकीट नंबराचा पास, हजेरीकार्ड, पीएफची पावती, ईएसआयचं कार्ड. ज्याच्या बायकोने कागद टाकले नव्हते तो सुटला. जातपडताळणीला ओबीसी घरांतली मुलं १९६७च्या आधीची नोंद शोधत गावी जातात, कोतवाल बुकात पणजोबाचं नाव मिळालं की पेढे वाटतात. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली तेव्हा तर मोडी वाचणाऱ्यांचे दिवसच फिरले. ज्या रुमालांकडे घरातले ढुंकून पाहत नव्हते, ते पुन्हा सुटले.

पिशवी ही अशी रुमालाची थेट वंशज. हक्काचं ते आत, बाकीचं बाहेर. आता लोक त्यातले कागद लॅमिनेट करतात. जुन्या कागदाला हा उपचार मारकच. वेखंड बरं होतं.

राहता राहिलं पत्र. कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांना मुंबईहून पत्रापेक्षा मनीऑर्डर जास्त आली. १८८० साली सुरू झालेली ही कागदी मनीऑर्डर पोस्टाने २०१५ मध्ये बंद केली. तिच्या फॉर्मच्या तळाशी निरोपाला चिंचोळी जागा असे. औषध आणा, पोराचं नाव घाला, गणपतीला येतो. पोस्टमन पैसे मोजून देई आणि गरज पडली तर निरोप वाचूनही दाखवी. हीच आपली अमेरिका-पत्रं. त्यांचे खंड निघाले नाहीत, कारण निरोपाचा तुकडा गावी राही आणि त्याच्यावर कुणाचा हक्क सिद्ध होत नसे. पाठवणाऱ्याची पावती मात्र मुंबईत जपली जाई. पैसे पोचले नाहीत तर तक्रार करायला तीच लागे.

त्यातल्या काही पावत्या अजून पिशव्यांच्या तळाशी असतील. नाव, रक्कम, पोस्टाचा तारखेचा शिक्का, एवढंच त्यांवर असतं. पण गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. एका घरच्या पावत्या तारखेने ओळीत लावल्या, तर रक्कम कधी निम्म्यावर आली आणि कोणत्या महिन्यापासून काहीच गेलं नाही, ते सहज कळेल.