‘नल’ची अडचण : डब्यातला डबाच नसेल तेव्हा…

१२ जून २०२५ रोजी गूगल क्लाउडच्या सेवा जगभर काही तास विस्कळीत झाल्या. कंपनीने नंतर दिलेले कारण अगदी किरकोळ वाटावे असे होते. धोरणविषयक माहितीच्या एका नोंदीत काही रकाने कोरे राहिले होते. ती नोंद काही सेकंदांत सर्व केंद्रांत पोहोचली आणि कोरा रकाना वाचू पाहणारी आज्ञावली ठिकठिकाणी बंद पडली. संगणकाच्या परिभाषेत हा ‘नल’ संदर्भाचा दोष होय.

‘नल’ म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही किंमत आहे. ‘नल’ म्हणजे तेथे काहीच नाही. (दमयंतीच्या नलाशीही त्याचा संबंध नाही.) ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी ही कल्पना योजली आणि २००९ मधील एका व्याख्यानात तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले.

वेब अ‍ॅप्लिकेशनमधील माहिती बहुधा एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी असते. ऑनलाइन दुकानातील ऑर्डरमध्ये ग्राहक, ग्राहकामध्ये पत्ता, पत्त्यामध्ये पिनकोड. प्रोग्रॅमर लिहितो : ऑर्डर.ग्राहक.पत्ता.पिनकोड. शंभर ऑर्डरी सुरळीत जातात. मग ‘माल दुकानातून घेईन’ म्हणणारा ग्राहक येतो, त्याच्या नोंदीत पत्ताच नसतो आणि पान कोसळते. जावास्क्रिप्ट अशा वेळी ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’ असा संदेश देते व पुढे कंसात ‘पिनकोड’ हे नाव दाखवते. येथेच नवशिके फसतात. ते पिनकोड शोधत बसतात. हरवलेला असतो तो त्याच्या आधीचा डबा, म्हणजे पत्ता. संदेशातील नावाच्या एक पायरी मागे पाहावे, हा पहिला नियम.

पूर्वी प्रत्येक पायरीवर ‘हे आहे का, असल्यास ते आहे का’ अशा अटींची लांबलचक माळ लिहावी लागे. सी शार्पमध्ये २०१५ साली आणि जावास्क्रिप्टच्या २०२० च्या आवृत्तीत ‘?.’ हे चिन्ह आले. पत्ता?.पिनकोड असे लिहिल्यास पत्ता नसताना आज्ञावली कोसळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये उत्तर ‘अनडिफाइन्ड’ मिळते. मात्र चिन्ह जेथे लावले तेवढ्याच पायरीचे रक्षण होते. ग्राहकच नसेल, तर पत्त्यापुढचे प्रश्नचिन्ह उपयोगाचे नाही.

सोबत ‘??’ हे चिन्हही आले. डावीकडे काही नसेल तर उजवीकडची किंमत घ्या, असा त्याचा अर्थ. त्याऐवजी जुने ‘||’ वापरले, तर घोटाळा होतो, कारण ते शून्यालाही ‘नाही’ समजते. पोस्टेज माफ म्हणून शून्य रुपये नोंदवलेल्या ग्राहकाला मग नेहमीचे पन्नास रुपये आकारले जातात. पान कोसळत नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही!

सध्या मात्र दिसेल तेथे ‘?.’ पेरण्याची सवय बोकाळली आहे. हा उपाय नव्हे, पांघरूण आहे. घरपोच मालाच्या ऑर्डरीत पत्ता असलाच पाहिजे. तेथे ‘?.’ लावल्यास कोऱ्या पत्त्याची चिठ्ठी निमूट छापली जाईल आणि पार्सल गोदामात पडून राहील. म्हणून प्रत्येक डब्याविषयी आधी ठरवावे लागते : हा नसणे नियमात बसते का? बसत असेल, तर ‘?.’ आणि त्याच्या जोडीला पर्यायी वाट लिहावी. बसत नसेल, तर माहिती आत येताच, दारावरच तपासावी, अपुरी नोंद नाकारावी आणि काय राहिले ते स्पष्ट सांगावे. दारावर एकदा तपासले की आतल्या पन्नास ठिकाणी शंका घ्यावी लागत नाही.

ही तपासणी काही अंशी भाषेवरही सोपवता येते. टाइपस्क्रिप्टमध्ये २०१६ पासून ‘स्ट्रिक्ट नल चेक्स’ ही सोय आहे. पत्ता ऐच्छिक आहे असे एकदा जाहीर केले, की तो न तपासता पिनकोड मागणारी ओळ अ‍ॅप्लिकेशन चालण्यापूर्वीच चूक म्हणून दाखवली जाते. पण ही तपासणी लिहिलेल्या ओळींपुरतीच असते. दुसऱ्या सर्व्हरवरून प्रत्यक्ष काय येते, हे तिला दिसत नाही. त्यासाठी चाचणीत चार ऑर्डरी तरी मुद्दाम घालाव्यात : एक पूर्ण, एक पत्त्याचा रकानाच नसलेली, एक पत्त्याच्या जागी ‘नल’ असलेली आणि एक पत्ता असून पिनकोड नसलेली.