लोखंडाच्या गावातले वासरू

1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. त्याच परिसरातल्या गोठ्यात निव्वळ दुधावर वाढणारे वासरू मात्र लोहाअभावी पांढरे पडू शकते, कारण दुधात लोह अत्यल्प असते. वासराच्या प्रतिकारशक्तीचा इतिहास अशा विसंगतींनी भरलेला आहे.

गाईच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात आणि सुमारे 24 तासांत आतड्याची ती वाट बंद होते. थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांच्या 1922 मधील प्रयोगात चिकावाचून ठेवलेली बहुतेक वासरे दगावली. (आपला खरवस नेमका याच चिकाचा!)

पण ही शक्ती उसनी असते. स्वतःची उभारायला खनिजे लागतात, याचा लख्ख पुरावा 1970 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये मिळाला. तिथल्या फ्रिजियन वंशातील काही वासरे जन्मतः धडधाकट असत. महिना-दोन महिन्यांत त्यांच्या त्वचेवर खपल्या धरत, थायमस ग्रंथी आक्रसे आणि संसर्गाने ती मरत. दोष आनुवंशिक होता: आतडे जस्त पुरेसे शोषत नसे. तोंडावाटे भरपूर जस्त देताच वासरे सावरत. ते थांबवले की रोग परते.

छत्तीसगडच्या गाईपुढे बहुधा भाताचा पेंढा असतो. त्यात स्फुरद कमी, शिवाय त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. तांबे तर दुधातूनही फारसे उतरत नाही. वासरू ते गर्भात असतानाच यकृतात साठवून आणते. म्हणून खनिज मिश्रणाचा पहिला हक्क गाभण गाईचा.