दारावरील पत्रा आणि घरमालकाचा परवाना

मुंबईत 1896 साली प्लेगची साथ उद्भवल्यानंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. तिच्यापुढे स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा नमुना होता, हे अभ्यासकांस परिचित आहे. दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्याच्या कार्याखेरीज ग्लासगोने भाड्याच्या घरांवर देखरेख ठेवण्याची एक निराळी पद्धतीही अवलंबिली होती. भाड्याचे घर राहण्यास योग्य ठेवण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न तिच्या इतिहासातून विशेष स्पष्टपणे पुढे येतो.

एकोणिसाव्या शतकात कारखाने व गोद्या यांच्या वाढीबरोबर आयर्लंडमधून व स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून मजुरांचे लोंढे या शहरात आले. मोठ्या घरांचे तुकडे पाडून एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. भाडे भागत नसल्याने अशी कुटुंबे त्याच खोलीत आणखी पोटभाडेकरू ठेवीत. कॉलरा व टायफस यांच्या साथींनी या दाटीचे भयंकर परिणाम दाखवून दिल्यावर 1862 च्या पोलीस कायद्यान्वये नवा उपाय योजण्यात आला. तीनपेक्षा अधिक खोल्या नसलेल्या व 2000 घनफुटांपर्यंत आकारमान असलेल्या घरांचे माप घेऊन त्यांच्या दारावर पत्र्याची चकती ठोकण्यात येऊ लागली. चकतीवर घराचे घनफळ व तेथे किती माणसांनी राहावे तो आकडा असे. आठ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे 300 घनफूट जागा आवश्यक मानली होती. त्याहून लहान मूल अर्धे धरले जाई. म्हणजे 1200 घनफुटांच्या खोलीत चार प्रौढांनाच राहता येई. अशा घरांची संख्या पुढे वीस हजारांवर गेली.

नियम पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी आरोग्य निरीक्षक मध्यरात्रीनंतर दार ठोठावीत. झोपलेली माणसे मोजली जात. चाहूल लागताच पोटभाडेकरू कपाटात, पलंगाखाली, क्वचित छपरावरही लपत. अधिक माणसे आढळल्यास दंड होई, तो सामान्यतः भाडेकऱ्यास. ज्याने घराचे तुकडे पाडून भाडे वाढविले, तो घरमालक त्या वेळी आपल्या घरी निद्रिस्त असे.

या पद्धतीचे मर्म व तिचे वैगुण्य येथेच आहे. चकतीवरील आकडा श्वासापुरत्या हवेचे माप सांगे. जिना, मोरी व खिडकी यांविषयी तो मूक होता. शिवाय घराबाहेर काढलेल्या माणसाने कोठे जावे, याचे उत्तर कायद्यात नव्हते. 1872 पासून शहराचे आरोग्याधिकारी असलेले जेम्स बर्न रसेल यांनी 1888 मधील ‘एका खोलीतील जीवन’ या व्याख्यानात या कुटुंबांची स्थिती नागरिकांपुढे मांडली. पण 1919 च्या गृहनिर्माण कायद्यानंतर नगरपालिकेने मोठ्या प्रमाणावर घरे बांधावयास घेईपर्यंत या दाटीवर खरा उतारा मिळाला नाही.

खाजगी भाड्याच्या घरांचा प्रश्न मात्र संपला नव्हता. 1999 मध्ये ग्लासगोतील एका भाड्याच्या घरास आग लागून दोन विद्यार्थी मरण पावले. खिडक्यांना गज असल्याने त्यांचा बाहेर पडण्याचा मार्ग खुंटला होता. 2000 च्या ऑक्टोबरपासून स्कॉटलंडमध्ये अनेक स्वतंत्र व्यक्ती एकत्र राहतात अशा घरांसाठी मालकाने परवाना घेणे बंधनकारक झाले. मालक त्या कामास लायक आहे काय, आगीची सूचना देणारी साधने व सुटकेचा मार्ग आहे काय, हे पाहूनच परवाना मिळू लागला. इंग्लंडमध्ये 2004 च्या गृहनिर्माण कायद्यान्वये अशी व्यवस्था 2006 साली अमलात आली.

दोन्ही व्यवस्थांत तपासणी आहे व दंडही आहे. भेद आहे तो उत्तरदायित्वाचा. पहिलीने राहणाऱ्यांची शिरगणती केली, दुसरीने भाडे घेणाऱ्यास जाब विचारला. हा पालट घडण्यास जवळजवळ दीड शतक लागले. तथापि परवाना नाकारला गेल्यास त्या घरातील माणसांस पर्यायी निवारा कोण देणार, हा रसेल यांच्या काळचा प्रश्न नव्या व्यवस्थेसही चुकलेला नाही. पुरेशी घरे नसतील तेथे सुरक्षिततेचा नियम कितीही न्याय्य असला, तरी त्याचा भार अखेर दुबळ्याच्याच खांद्यावर उतरण्याचा संभव राहतो.