संगमनेरचे दोन फंदी आणि ट्रॅक्टरवरचं गाणं

गळीत हंगाम सुरू झाला की नगर जिल्ह्यातल्या रस्त्याकडेच्या घरांची झोप उडते. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर रात्रभर धावत असतात आणि त्यातल्या बहुतेकांवर मोठे स्पीकर असतात. ठेका तोच, मधे तीच हलगी, शब्दही थोड्याफार फरकाने तेच. एकच गाणं शंभर नावांनी वाजतंय, अशी माझी अनेक वर्षांची तक्रार होती. एकदा चहाच्या टपरीवर थांबलेल्या एका तरुण ट्रॅक्टरचालकाला मी विचारलंच, "रोज तेच ऐकून कंटाळा येत नाही का?" तो म्हणाला, "चाचा, नवं गाणं लावलं की ऐकत बसावं लागतं. माहितीतलं असलं की आपण बी म्हणतो. तोंड चालू राहिलं की झोप लागत नाही."

मी गप्प झालो, पण तक्रार मिटली नाही. आमच्या मोहल्ल्यातही ती आहेच. संदल किंवा जुलूस निघाला की डीजेवर नात वाजते. चाल चालू सिनेमाची, खाली बास तोच. बुजुर्ग कपाळाला हात लावतात आणि पोरं नाचतात. बुजुर्ग म्हणतात, मौसिकीच संपली. पोरं म्हणतात, मजा येते. या भांडणात मी बहुतेक वेळा बुजुर्गांच्या बाजूने उभा राहिलो आहे. मात्र याच जिल्ह्याचा इतिहास वाचताना माझी बाजू थोडी डळमळली.

संगमनेरला अनंत घोलप नावाचा एक ब्राह्मण कवी होऊन गेला. काळ १७४४ ते १८१९. आपण त्याला अनंत फंदी म्हणून ओळखतो. हे 'फंदी' आलं कुठून? याच गावात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता, त्याच्याशी अनंताची गट्टी जमली आणि मित्राचं नाव याला चिकटलं, असं सांगितलं जातं. मराठी शाहिरीतलं एक मोठं नाव अशा रीतीने एका मुसलमान फकिराच्या दोस्तीतून आलेलं आहे.

अनंत फंदी तमाशा करायचा, लावण्या गायचा. त्या काळात लावणी हे लोकांचं चालू गाणं होतं. ढोलकी, तुणतुणं, झांज आणि तेच ठरलेले विषय : शृंगार, विरह, रुसवा. तमाशाचा क्रमही ठरलेला असे. आधी गण, मग गौळण, पुढे बतावणी, शेवटी वग. आज आपण ज्याला साचेबंद म्हणतो, ते सगळं तिथे होतं. सभ्य लोकांची नाराजीही होती. आख्यायिका अशी की अहिल्याबाई होळकरांनी फंदीला सुनावलं, ब्राह्मणाने तमाशा करणं शोभत नाही. फंदीने डफ सोडला आणि कीर्तन धरलं. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, आणि आज जिल्ह्याला त्यांचंच नाव आहे. म्हणजे चालू गाण्यावरची आपली तक्रार किमान सव्वादोनशे वर्षं जुनी आहे आणि तिच्या कथेतली दोन्ही माणसं आपल्याच मातीतली आहेत.

या आख्यायिकेत एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आक्षेप गाणं वाईट असल्याचा नाही. आक्षेप आहे तो ब्राह्मणाने गाण्याला. तेच गाणं दुसऱ्या जातीच्या कलावंताने गायलं तर चालत होतं, कारण त्याच्याकडून वेगळी अपेक्षाच नव्हती. जेजुरीचा सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार लावण्या रचत राहिला. महार, मांग, कोल्हाटी कलावंत नाचत-गात राहिले. गाण्याची नालस्ती अनेकदा गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नालस्तीसाठी असते, हे तेव्हाही खरं होतं. 'कसली गाणी ऐकतात ही माणसं' असं म्हणताना माझा जोर 'गाणी' या शब्दावर होता की 'ही माणसं' यावर, हे मला स्वतःला विचारावं लागलं.

साच्याला नावं ठेवण्याआधी आणखी मागे जाऊ. याच जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सुमारे नऊ हजार ओव्या, साचा एकच. ओवी ही मुळात जात्यावरच्या बायकांची. दळताना गायची, म्हणून चाल ठरलेली. चाल नवी असती तर लक्ष चालीकडे गेलं असतं. ती पाठ असल्यामुळे बाईला तिच्यात माहेर, सासर, भाऊ, दुष्काळ, मेलेलं मूल, काहीही घालता आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही हेच केलं. मुसलमान घरातल्या या संताने 'योगसंग्राम' लिहिला तो ओवीतच. लोकांच्या ओठांवर जे आधीच होतं, तेच त्यांनी उचललं. कव्वालीतही एकच ओळ वीस वेळा येते. एखाद्या ओळीवर मजलिस डोलू लागली की कव्वाल ती सोडत नाही. तिथे पुनरावृत्ती हाच कव्वालीचा प्राण असतो.

मग लोकांना तेच ते का आवडतं? १९६८ मध्ये रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. आमच्या ट्रॅक्टरवाल्याने ते एका वाक्यात सांगितलं होतं. उलट बाजूने जर्मन विचारवंत थिओडोर अडॉर्नो यांनी १९४१ साली लिहिलं की बाजारू गाणं आधीच चावून दिलेलं असतं, श्रोत्याला काही करावंच लागत नाही. मला दोघंही अर्धे बरोबर वाटतात. ओळखीचं आवडतं हे खरं. पण ओळखीच्या साच्यात मला काही करायला जागा आहे की नाही, प्रश्न तिथे आहे.

तमाशात ही जागा होती. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. ओळ संपली की ते सूर धरून लांबवतात, 'जी जी' करतात. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, समोरची माणसं पाहतो आणि पुढची ओळ जुळवतो. सवाल-जवाबात समोरच्या फडाने काय विचारलं त्यावर उत्तर द्यावं लागतं. साचा पक्का असल्यामुळेच आतला मजकूर मोकळा राहायचा. म्हणूनच फंदी तेच साचे वापरून लावणी लिहितो, फटका लिहितो आणि सवाई माधवरावाच्या मृत्यूवर ओवीबद्ध 'माधवनिधन'ही लिहितो.

पुढे ही जागा आक्रसत गेली. ग्रामोफोनची तबकडी आली आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावू लागली. रात्रभर चालणारा प्रसंग तीन मिनिटांत बसवायचा, तर झीलकऱ्याचा लांबवलेला सूर आधी कापला जातो. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तिने एक मोठं काम केलं : ज्यांना रेडिओवर जागा नव्हती त्या गायकांचा आवाज गावोगाव गेला. प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, आनंद शिंदेंची लोकगीतं, कव्वाल्या आणि भीमगीतं एकाच टपरीवर विकली जाऊ लागली. नाक मुरडणारे तेव्हाही होतेच. पण एक कॅसेट खपली की तशाच दहा निघायच्या, हेही तेव्हाच रुळलं. आता गाणं मोबाईलवर आलं आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच ते 'वाजलं' म्हणून मोजलं जातं. मग जे काही सांगायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातली साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्य लोकप्रिय गाणी संगणकाने तपासली. स्वरांच्या जोडण्यांतलं वैविध्य कमी होत गेलं आणि आवाज मात्र चढत गेला, असं त्यांना आढळलं. संदलातल्या डीजेखाली उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझी तक्रार आता बदलली आहे. गाणं साचेबंद आहे याचा राग नाही. जात्यावरची ओवीही साचेबंदच होती. राग आहे तो साचा बंद करून हातात दिला जातो याचा. डीजेच्या पेटीतून येणारं गाणं समोर कोण उभं आहे हे पाहत नाही. लग्नघरात, मिरवणुकीत, संदलात ते सारखंच. त्यात बाईला आपलं माहेर घालता येत नाही, पोराला आपल्या मोहल्ल्याचं नाव घालता येत नाही. ऐकणाऱ्याला वेडं ठरवण्याऐवजी त्याची ही जागा कुणी घेतली, हे विचारायला हवं. तो ट्रॅक्टरवाला तरी गाण्याबरोबर मोठ्याने गातो. जी थोडी जागा उरली आहे, ती त्याने सोडलेली नाही.

संगमनेरची दुसरी गोष्टही विसरू नये. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती, नंतर ती उठली. पुढे याच संगमनेरात राहून कांताबाई सातारकरांनी तमाशाचा फड चालवला आणि राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर पुरस्काराने गौरवलं. २०२१ मध्ये त्या गेल्या तेव्हा सगळ्यांनी लोककलेचा वारसा म्हणून हळहळ व्यक्त केली. काल ज्याला थिल्लर म्हटलं, त्याचा आज वारसा झाला. अनंत फंदीच्या नावाने तर संगमनेरात व्याख्यानमाला चालते. तमासगिराच्या नावाची व्याख्यानमाला!

आणि मलिक फंदी? त्याचं नाव उरलं ते मित्राच्या नावात. तो काय गायचा, कोणत्या ठेक्यावर, हे टिपून ठेवावं असं त्या वेळच्या शहाण्यांना वाटलं नाही. चालू गाणं, फकिराचं गाणं, त्यात काय ठेवायचं, असंच त्यांनी म्हटलं असणार. पुढच्या वेळी ट्रॅक्टर रस्त्याने वाजत गेला की खिडकी लावण्याआधी मी एवढं आठवणार आहे.