दहावीची गुणपत्रिका आणि फौजेचे दार

माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असेच डोक्यात होते. घंटा, प्रार्थना, संत्र्याच्या मोसमात दप्तरात दडवलेल्या फोडी. पण दिवाळीत गावी आले असताना आमच्या १९९७ च्या दहावीच्या तुकडीतला एक मित्र मुलीला घेऊन घरी आला. मुलगी सरळ मुद्द्यावर आली, "आत्या, मिलिटरीत जायले दहावीत किती टक्के लागतात?"

मी वीस-बावीस वर्षे संगणकाच्या क्षेत्रात आहे. प्रश्नाचे उत्तर माहीत नसणे मला नवे नाही. पण हा प्रश्न त्याच्या मुलीने त्याच्यासमोर विचारावा, याने मी गप्प झाले. कारण तोच प्रश्न अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याने कोणालाच विचारला नव्हता.

आमच्या वर्गात तो सर्वांत जोरात धावायचा. पहाटे घाटाच्या रस्त्याने पळत जाऊन शाळा भरायच्या आत परत यायचा. अभ्यासाचे कोणी काढले की म्हणायचा, "फौजेत मार्कं कोन पाह्यते? धावनं पाह्यते." आम्हालाही ते पटायचे. दहावीत त्याचे इंग्रजी आणि गणित राहिले. पुढे भरतीला गेला, तेव्हा मैदानावर पाय ठेवण्याआधीच कागद तपासणीत परत आला. त्या दिवशी तो धावलाच नाही. नंतर त्याने वडिलांची संत्र्याची रोपवाटिका सांभाळली आणि उत्तम सांभाळली. पण त्या दिवसाविषयी तो कधी बोलला नाही.

मुलीला उत्तर द्यायचे म्हणून मी नियम शोधायला बसले आणि शोधता शोधता इतिहासात शिरले. मार्कांची ही अट आली कुठून? आधी काय विचारत होते? त्याची बरीच उत्तरे आपल्याच जिल्ह्याच्या आसपास सापडली, म्हणून हा लेख.

आपल्या वऱ्हाडाचे आणि फौजेचे नाते जुने आहे. अचलपूरचा, म्हणजे तेव्हाच्या एलिचपूरचा, नवाब सलाबतखान याने वऱ्हाडातली माणसे घेऊन पलटणी उभ्या केल्या होत्या. पुढे त्या निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेत गेल्या. या फौजेचा खर्च निजामाकडून थकला, म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे आपला मुलूख एका फौजेच्या पगारापायी गहाण पडला. परतवाड्याला तिची छावणी होती. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. एका पलटणीला तर ९६वी बेरार इन्फंट्री असे नाव मिळाले. याच पलटणींतून पुढे १९वी हैदराबाद रेजिमेंट आणि १९४५ मध्ये तिचीच कुमाऊँ रेजिमेंट झाली. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगामला लढताना मरण पावलेले, पहिल्या परमवीरचक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा ज्या ४ कुमाऊँचे, तिचे मूळ सलाबतखानाच्या अचलपूरच्या पलटणीत आहे. आपल्यापैकी किती जणांना हे शाळेत असताना माहीत होते?

पण वऱ्हाडी नावाची ही फौज कुमाऊँची कशी झाली? १८५७ नंतर, आणि विशेषतः १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या वेळी, इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत डोक्यात घेतला. काही जाती जन्मतःच शूर आणि बाकीच्या नाहीत, असे ठरवून भरती उत्तरेकडे सरकवली. पलटणीच्या नावात बेरार राहिले आणि शिपाई मात्र कुमाऊँनी, जाट, अहीर असे येऊ लागले. तेव्हा भरतीच्या दारात विचारला जाणारा पहिला प्रश्न होता, जात कोणती?

या प्रश्नाचा सर्वांत कडू घोट महार समाजाने घेतला. ज्यांच्या पिढ्यांनी कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी केली, त्यांचीच भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद झाली. नुकसान फक्त पगाराचे झाले नाही. फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. जेव्हा गावची शाळा या मुलांना दाराबाहेर बसवत होती, तेव्हा छावणीची शाळा त्यांना अक्षर देत होती. भरती बंद झाली तशी ही वाटही बंद झाली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. शेवटी दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. १९४९ मध्ये जनरल करिअप्पांच्या काळात ब्रिगेड ऑफ द गार्ड्स ही देशातल्या सर्व जातीधर्मांची, सर्व प्रांतांची मिसळ असलेली पहिली रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र आज आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे. जुन्या रेजिमेंटांत जुन्या चाली राहिल्या, पण भरतीचे दार सर्वांना उघडे झाले. सर्वांना उघडे झाले की मग कोणाला आत घ्यायचे याचे काहीतरी माप लागते. एक माप शरीराचे होते आणि दुसरे हळूहळू शाळेच्या गुणपत्रिकेचे झाले. तोफा, वायरलेस, गाड्या, नकाशे वाढत गेले तसे वाचता येणे ही सोय राहिली नाही, ती गरज झाली.

ही दोन्ही मापे पुरी करायची तयारी आपल्या भागात आधीच सुरू झाली होती, असे मला वाटते. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. दुसरीकडे पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि कास्तकाराच्या पोरापर्यंत हायस्कूल नेले. एकाने अंग कमावले, दुसऱ्याने अक्षर. आमच्या पिढीने आखाड्याची गोष्ट फौजेशी जोडली, शाळेची जोडली नाही. चूक तिथे झाली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. अग्निवीर जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई, यासाठी दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के लागतात. ज्या बोर्डात टक्क्यांऐवजी श्रेणी मिळते, तिथे प्रत्येक विषयात किमान 'डी' आणि एकूण 'सी-२' श्रेणी लागते. आपल्या बोर्डात ३५ गुणांना विषय सुटतो. म्हणजे सहा विषयांत ३५-३५ घेऊन मुलगा ६०० पैकी २१० गुणांनी पास होतो, गावात पेढे वाटतो, आणि फौजेच्या हिशेबाने त्याला २७० हवे असतात. पास आणि फौजेला पात्र यांच्यामध्ये ६० गुणांची ही दरी आहे. विषयामागे फक्त दहा गुण. नववीत कळले तर सहज भरून निघते, निकालानंतर कळून उपयोग नाही.

तांत्रिक शाखेसाठी बारावी विज्ञान, भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजीसह, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० टक्के. कारकून आणि भांडारासाठी बारावीत एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५० टक्के. ट्रेड्समनसाठी दहावी पास, काही कामांसाठी आठवी पास, पण तिथेही प्रत्येक विषयात ३३ टक्के हवेतच.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शिपाई भरतीत शाळेचे गुण हा उंबरठा आहे, शर्यत नाही. रोपवाटिकेत जंभिरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. त्याहून बारीक असला तर बांधत नाहीत आणि थोडा जाड असला म्हणून जास्त संत्री लागत नाहीत. तसेच हे आहे. ४६ टक्क्यांचा मुलगा आणि ९२ टक्क्यांचा मुलगा एकाच रेषेवर उभे राहतात. पुढचा निकाल लेखी परीक्षा, मैदान आणि वैद्यकीय तपासणी यांवर लागतो. मैदानात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावले तर पूर्ण ६० गुण आणि दहा पुल-अप्सना ४०. एनसीसीच्या प्रमाणपत्रालाही वजन आहे.

क्रमही बदलला आहे. पूर्वी आधी मैदान, मग लेखी. २०२३ पासून आधी संगणकावर सामाईक परीक्षा आणि त्यातून निवडलेल्यांनाच मैदान. जनरल ड्युटीसाठी एका तासात ५० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतही देता येते. म्हणजे आजचा आमचा धावपटू परीक्षा न देता मैदानापर्यंतही पोचणार नाही.

अधिकाऱ्याच्या वाटेवर तर आणखी एक आश्चर्य आहे. आपल्याकडे पालकांना वाटते, अधिकारी व्हायला नव्वद टक्के लागतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, एनडीएसाठी, टक्क्यांची अटच नाही. बारावी पास पाहिजे. भूदलासाठी कोणतीही शाखा चालते. त्यानंतर लोकसेवा आयोगाची ९०० गुणांची लेखी आणि ९०० गुणांची मुलाखत. त्यात गणित ३०० गुणांचे. गुणपत्रिका विचारत नाहीत, पण गणित आणि इंग्रजी शाळेतच पक्के झालेले नसेल तर ही परीक्षा निघत नाही. बारावीवरून थेट तांत्रिक अधिकारी व्हायचे असेल तर मात्र भौतिक, रसायन, गणितात ६० टक्के आणि जेईई मेन्स लागते. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांची एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायलाच हवी, कारण प्रश्न एका मुलीने विचारला होता. आम्ही दहावीत होतो तेव्हा मुलीला शिपाई होण्याचे दारच नव्हते, टक्के कितीही असोत. महिला अधिकाऱ्यांची भरती १९९२ मध्ये सुरू झाली होती. मी अभियांत्रिकीला असताना मुलींसाठी तांत्रिक प्रवेशही होता. मला ते माहीत नव्हते आणि मी विचारलेही नाही. २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात ८३ मुलींची पहिली तुकडी बंगळुरूहून बाहेर पडली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. अग्निवीर मुलींनाही दहावीची अट तीच, ४५ आणि ३३.

आणि गुण असूनही दार बंद असू शकते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. पण त्याच सुमाराला दोन वर्षे लष्कराच्या भरत्याच झाल्या नाहीत. कित्येक पोरे धावत राहिली आणि वय निघून गेले. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. वय साडेसतरा ते एकवीस, त्या एका वर्षापुरते तेवीस. चार वर्षांची नोकरी आणि त्यातून २५ टक्क्यांपर्यंतच कायम. मग उरलेल्यांना बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे राहायचे आहे आणि तिथे पुन्हा गुणपत्रिकाच मागतील. म्हणून फौजेत जाणाऱ्याने तर अभ्यास जास्तच केला पाहिजे.

जातीच्या प्रश्नाला उत्तर देणे कोणाच्याच हातात नव्हते. ४५ टक्क्यांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपल्या हातात आहे. इतिहास वाचून मला एवढे कळले. बरेचसे म्हणते, कारण ज्या घरात संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत पोरगा शाळेऐवजी बगीच्यात असतो, त्याचे टक्के त्याच्या एकट्याचे नसतात.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले तेव्हा तिचा बाप शेजारी बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे तवा कोनी सांगतलं असतं तं इंग्रजीचं पुस्तक उघडलं असतं मी." मग थोडे थांबून म्हणाला, "आता हिले सकाळी मी पळवतो. गणित तू फोनवर पाह्य." दर रविवारी सकाळी आता आमचा तास असतो. मागच्या चाचणीत तिला गणितात ४१ मिळाले.

आपल्या तुकड्यांतून फौजेत गेलेले, पोलिसात गेलेले, शिक्षक झालेले कितीतरी जण या मेळाव्याला येतील. त्या सर्वांना माझी एक विनंती आहे. दरवर्षी जूनमध्ये नववीच्या वर्गात जाऊन अर्धा तास बोला. फळ्यावर २१० आणि २७० हे दोन आकडे लिहा आणि त्यांच्यातली वजाबाकी मुलांकडूनच करून घ्या.