ऊसतोड मजूर आणि वेठबिगारीविरोधी कायदा (हिंगोली जिल्हा)

ऊसतोडीसाठी परमुलखात नेऊन उचलीपोटी अडकवलेल्या मजुरांना मिळणारे कायदेशीर संरक्षण. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून मजूर जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम आगाऊ रक्कम म्हणजे उचल देतो. हिशेब त्याच्याच वहीत राहतो, लेखी करार बहुधा नसतो. उचल फिटेपर्यंत कुटुंबाला फडावरून हलू न देणे ही कायद्याने वेठबिगारीच होय.

संविधानाच्या अनुच्छेद 23 ने माणसांचा अपव्यापार व वेठ यांना मनाई केली आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हीही सक्तीची मजुरी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड (आशियाई क्रीडा स्पर्धा) बांधकामावरील कामगारांच्या प्रकरणात ठरवले. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 ने वेठबिगारीत अडकवणारे कर्जच रद्द केले. हाती कागद नसलेल्या मजुराला यातले कलम 15 सर्वांत मोलाचे: कर्ज वेठबिगारीचे नाही, हे धनकोने सिद्ध करायचे असते. सुटका झालेल्यांना जिल्हा प्रशासन मुक्ती प्रमाणपत्र देते. 2016 च्या केंद्रीय योजनेत पुनर्वसनासाठी 1 ते 3 लाख रुपयांची तरतूद आहे; पण ती रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधल्याने हाती पडायला उशीर होतो, आणि हा मजुरांवर दुसरा अन्याय आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 नुसार एकाहून अधिक व्यक्तींच्या अपव्यापाराला 10 वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.