कारखान्याच्या अंतर्गत हद्दी

मोठा रासायनिक कारखाना ज्या काळी केवळ हवेच्या दाबावर नियंत्रित होत असे, त्या काळी त्याच्या अंतर्गत हद्दी कोणास मुद्दाम आखाव्या लागत नसत. भट्टीचा फलक भट्टीपाशी, मनोऱ्याचा मनोऱ्यापाशी, आणि ज्या इसमाच्या ताब्यात फलक त्याचाच त्या मुलखावर अंमल, अशी सरळ वहिवाट होती. पुढे दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड अशा प्रमाणित दाबाचे संदेश बारीक नळ्यांतून दूरवर नेता येऊ लागले आणि विखुरलेले फलक एका दालनात आले. तरीही कोणाची जबाबदारी कोठे संपते हे भिंतीकडे पाहूनच कळे, कारण हद्द बदलायची म्हणजे पत्रा कापायचा, नळ्या फिरवायच्या आणि त्यासाठी शटडाउनची वाट पाहायची.

१९६२ साली इंग्लंडात फ्लीटवूड येथे आयसीआय कंपनीच्या सोडा ॲशच्या कारखान्यात फेरँटी कंपनीच्या आर्गस संगणकाने जुनी उपकरणे बाजूस सारून २२४ मापने घेण्यास व १२९ झडपा स्वतः हलवण्यास आरंभ केला. १९७५ साली हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम या नियंत्रण-प्रणाली आल्या, तेव्हा हद्दीचा पत्र्याशी असलेला संबंध तुटत चालला. भट्टी कोणत्या ‘एरिया’त मोडते, हे हळूहळू संगणकाच्या दप्तरातील एका नोंदीवर ठरू लागले. नोंद दिसावयास क्षुल्लक. परंतु भट्टीचा अलार्म कोणाच्या पडद्यावर वाजावा आणि तिची झडप हलवण्याचा अखत्यार कोणास असावा, हे त्याच नोंदीने ठरते. ती माणसांमधील जबाबदारीची वाटणी आहे, असे मी मानतो.

अलार्मांच्या मांडणीकडे दुर्लक्ष झाले तर ऑपरेटरवर केवढा भार येऊन पडतो, हे २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे टेक्साकोच्या तेलशुद्धी कारखान्यात दिसले. सकाळच्या विजांच्या वादळाने प्लांट विस्कळीत झाला होता. एक झडप प्रत्यक्षात बंद असता यंत्रणा ती उघडी असल्याचे दाखवीत राहिली, आणि अखेर जो स्फोट झाला त्यापूर्वीच्या अवघ्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांवर २७५ अलार्म कोसळले. १९९९ साली ब्रिटनमधील ईईएमयूए या संस्थेने जी मार्गदर्शिका काढली, तिच्या मते प्लांट स्थिर असता एका ऑपरेटरास दहा मिनिटांत एकाहून अधिक अलार्म येऊ नये. जुनी वाटणी या कसोटीस उतरत नसेल तर फेरमांडणी करणे भाग पडते, आणि पुढील शटडाउन कित्येकदा वर्षांच्या अंतरावर असल्यामुळे ती चालत्या प्लांटवरच करावी लागते.

तेथे खरी भीती बेवारस अलार्मची असते: जुन्या पडद्यावरून तो उतरला आणि नव्यावर चढला नाही, तर मनोऱ्याची पातळी वाढत राहते आणि कोणासही हाक जात नाही. म्हणून जाणते इंजिनिअर प्रथम नवा एरिया जुन्या व नव्या अशा दोन्ही ऑपरेटरांच्या अखत्यारात घालतात आणि मगच एकेक लूप, म्हणजे एक मापन व त्यावरून हलणारी झडप यांची जोडी, तिकडे हलवतात. पातळीचा लूप असेल तर ऑपरेटर तो मॅन्युअलला टाकतो व झडप किती टक्के उघडी आहे ते वहीत टिपून घेतो. फेरफार डाउनलोड झाला की झडप त्याच टक्क्यावर उभी आहे ना, सेटपॉइंट (ठरवून दिलेली पातळी) प्रत्यक्ष पातळीशी जुळला आहे ना, हे पाहतो आणि नंतरच लूप ऑटोवर घेतो. मग चाचणीचा अलार्म देऊन तो दोन्ही पडद्यांवर उमटल्याची खात्री करून घेतात. पाळी बदलण्याच्या वेळी हे काम काढीत नाहीत. त्याच तडाख्यात टॅगांची, म्हणजे लूपांच्या ओळखीची, नावे बदलण्याचा मोहही टाळलेला बरा, कारण जुने आलेख, पडद्यावरील चित्रे आणि शेजारचे लूप त्या नावांनाच बांधलेले असतात आणि ऑपरेटरच्या तोंडीही तीच नावे बसलेली असतात.

रिकामा झालेला जुना एरिया तत्काळ खोडू नये. सर्व पाळ्यांच्या तुकड्या नव्या वाटणीवर काम करून जाईपर्यंत तो दप्तरात राहू द्यावा. एखादा अहवाल अद्याप त्याचाच हवाला देत असेल, तर तो याच मुदतीत उघडकीस येतो.